बॅकहोचा लिव्हर अडकायचा, नवा व्हॉल्व्ह घ्यायला निघालो होतो – अंबडच्या हायड्रॉलिक वर्कशॉपचा अनुभव

मशीनवाल्या भावांसाठी लिहितोय, जरा लांबलचक होईल पण पूर्ण वाचा, कारण विषय पैशाचा तर आहेच पण त्याच्या आधी जिवाचा आहे. माझ्याकडं एक बॅकहो लोडर आहे, गावात सगळे त्याला जेसीबीच म्हणतात मग कंपनी कुठलीही असो. नाशिकजवळच्या दिंडोरी, मोहाडी, गिरणारे, मखमलाबाद या पट्ट्यात माझी कामं असतात, द्राक्षबागेत ठिबकच्या मेन लाईनचे चर, शेततळी, घराचे पाये, आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय म्हणून शहरातली रस्त्याची, ड्रेनेजची कामंही भरपूर निघालीत. म्हणजे मशीन एक दिवस उभी राहिली तरी सरळ नुकसान, हप्ता काही थांबत नाही.

एप्रिलमध्ये मखमलाबादच्या पुढं एका मळ्यात चर चालला होता. दुपारचे तीन वाजले असतील. आमच्या ऑपरेटरनं बकेट भरून बूम, म्हणजे बकेटचा मोठा हात, वर घेतला आणि लिव्हर सोडला, तर लिव्हर मध्ये परत आलाच नाही. बूम वर जातच राहिला. वरून लाईटच्या तारा गेलेल्या, बांधावर मालकाचा पोरगा उभा. ऑपरेटर जुना आहे, त्यानं लिव्हरशी झटापट न करता पहिली चावी फिरवली, इंजिन बंद झालं, पंप थांबला आणि बूम जागेवर राहिला. तारा आणि बूममध्ये किती अंतर उरलं होतं ते मी नंतर खाली उभं राहून बघितलं आणि माझे हातपाय गार पडले. ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, आठ दिवस झाले, दुपारनंतर असंच करतो हा, मी हातानं परत ओढत होतो." तेव्हा मला कळलं. म्हणून सगळ्यांना पहिलं हेच सांगणं आहे की ऑपरेटर म्हणाला लिव्हर जड लागतोय किंवा उशिरा परत येतोय तर ते त्याच दिवशी मनावर घ्या. आमच्याकडं हे आठ दिवस आधी बोललं गेलं असतं तर ती दुपार आलीच नसती.

आता यामागची गोष्ट. त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी कंट्रोल व्हॉल्व्हमधून, म्हणजे लिव्हर हलवला की ऑईल हवं तिकडं सोडणाऱ्या भागातून, ऑईल गळत होतं, त्याच्या दोन सेक्शनच्या म्हणजे फाकांच्या मधून. शहरातल्या एका गॅरेजवाल्याकडं नेली, नाव घेत नाही, त्यानं सील किट बदललं, गळती बंद झाली, पैसे दिले, विषय संपला असं मला वाटलं. लिव्हर अडकायला लागल्यावर परत त्याच्याकडंच गेलो तर त्यानं लांबूनच बघितलं आणि म्हणाला स्पूल म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणारे दांडे गेले, बॉडी गेली, पूर्ण व्हॉल्व्ह ब्लॉक बदलावा लागेल. नव्या ब्लॉकचा भाव विचारला तर लाखाच्या वर. आणि जोडीला पंप पण बदलून घ्या म्हणाला, एकदाच काम होऊन जाईल. मी खरं सांगतो, ॲडव्हान्स द्यायला निघालो होतो. पिंपळगावचा एक मित्र आहे, त्याचं एक्स्कॅव्हेटर आहे, तो म्हणाला थांब, आधी अंबडला एकांना दाखव, मग काय बदलायचं ते बदल.

हे वर्कशॉप नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आतल्या बाजूला आहे, बाहेरून बघितलं तर साधा गाळा वाटतो. दोन लेथ, एक होनिंगचं मशीन, एक टेस्ट बेंच, आणि काचेच्या दाराची एक वेगळी छोटी खोली जिथं व्हॉल्व्ह, पंप उघडतात. चालवणारे काका साठीच्या आसपासचे, आधी एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, हाताखाली दोन पोरं. मी गेलो ते सीलचा दर विचारायच्या तयारीतच, पण काकांनी दराचं काही बोललंच नाही, टेबलावर वही उघडली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. एकच लिव्हर अडकतो का सगळे? सकाळी अडकतो का दुपारी? इंजिन बंद असताना हलवून बघितला का, तेव्हा कसा लागतो? अडकल्यावर हातानं परत आणला की पुढच्या खेपेला ठीक चालतो का पुन्हा तसाच? ऑईल कधी बदललं, कुठल्या ग्रेडचं, वरून टॉपअप केलं तर त्याच ग्रेडचं का? आणि शेवटचा प्रश्न, "हे चालू व्हायच्या आधी मशीनला हात कोणी लावला होता?"

मी सील किटचं सांगितलं. त्यांनी वहीत त्या ओळीखाली रेघ मारली, बोलले काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मशीन रोडनं अंबडला आणली, आणि मुद्दाम दुपारी आणायला लावली, म्हणजे ऑईल तापलेलं असेल. इथं मला त्यांची पद्धत आवडली ती नीट सांगतो कारण याच्यातलं निम्मं काम आपण आपल्या शेडमध्ये पण करू शकतो. आधी बकेट जमिनीवर, स्टॅबिलायझर म्हणजे टेकूचे पाय खाली, लोडर खाली, इंजिन बंद, मग सगळे लिव्हर चार-पाच वेळा पुढं-मागं करून लाईनमध्ये अडकलेलं प्रेशर सोडून दिलं. त्याच्याशिवाय पोरांना पान्यालाच हात लावू दिला नाही. मग लिव्हर आणि स्पूलला जोडणारी जी पिन असते ती काढली, म्हणजे वरचं लिंकेज वेगळं झालं आणि खालचा स्पूल वेगळा झाला. लिव्हर हातानं हलवला तर एकदम मोकळा, थोडं बुश कोरडं होतं तेवढंच. मग स्पूल हातानं ढकलून बघितला. शेजारच्या सेक्शनचे स्पूल स्प्रिंगच्या जोरावर खटकन परत यायचे, आणि बूमचा स्पूल आत जायचा तो तिथंच राहायचा, हातानं बाहेर ओढावा लागायचा. काका म्हणाले, "झालं, दुखणं वर नाहीये, खाली आहे." अशा ठिकाणी पन्नास टक्के लोक केबल, बुश, पिन बदलत बसतात नाहीतर उलटं, लिंकेजमध्ये चिखल बसलेला असतो आणि लोक व्हॉल्व्ह उघडून ठेवतात. एक पिन काढायला पाच मिनिटं लागतात, त्यात अर्धी शंका मिटते.

ऑपरेटर लोकांना एक सांगून ठेवतो, आपल्याकडं निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो, तेव्हा सकाळी सगळेच लिव्हर जड लागतात आणि बूम पण आळसावल्यासारखा चालतो, ते ऑईल घट्ट झालेलं असतं, पंधरा-वीस मिनिटं मशीन रिकामी चालवली की जातं. त्याला अडकणं म्हणत नाहीत. तसंच लिव्हर दोन्हीकडं हलका जातो पण मध्ये येतच नाही, असं असेल तर स्पूलच्या टोकाच्या टोपीतली स्प्रिंग तुटलेली असू शकते. आणि बराच वेळ एका जागी दाबून धरलेला लिव्हर पहिल्या झटक्याला चिकटतो आणि मग दिवसभर नीट चालतो, त्यात बारीक गाळ फटीत बसलेला असतो. आमचं तिन्हीपैकी नव्हतं, आमचा सकाळी ठणठणीत, दुपारी हट्टी, आणि तोही एकच.

मग त्यांनी जे केलं ते मी आजपर्यंत कुठल्या गॅरेजला बघितलं नाही. आमचा व्हॉल्व्ह सेक्शनचा आहे, म्हणजे एकेक फाक शेजारी-शेजारी ठेवून लांब टाय बोल्टनी आवळलेली. काकांनी आधी व्हॉल्व्ह चेसिसला धरणारे बोल्ट थोडे ढिले केले आणि स्पूल हलवला, फरक नाही. ते परत आवळले. मग टाय बोल्टचे नट एकेक करून पाव फेरा ढिले केले, आणि मला म्हणाले, "आता तुम्ही ढकला." मी अंगठ्यानं ढकलला आणि स्पूल लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, सोडला तर आपला आपण परत आला. मी दोनदा-तीनदा करून बघितलं. गॅरेजवाल्यानं गळती थांबवायच्या नादात तीन फुटी पाईप लावून नट आवळले होते, एक बाजू जास्त, एक बाजू कमी, आणि सगळी बॉडी किंचित पिळली गेली होती. डोळ्याला काही दिसत नाही, पण स्पूलला कळतं.

का कळतं ते काकांनी कागदावर काढून दाखवलं, माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट शिरलं. स्पूल आणि बॉडीच्या भोकातली फट साधारण ५ ते १० मायक्रॉनची असते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास, आणि नुसत्या डोळ्यांना ४० मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही. म्हणजे जी फट आपल्याला दिसणारच नाही तिच्यात स्पूल दिवसभर पळतो, आणि तिच्यात सील पण नसतं, घट्ट बसवलेल्या लोखंडावरच ऑईल अडतं. एवढ्या फटीतली दोन-तीन मायक्रॉन बॉडी पिळल्यानं गेली, उरलेल्यात सकाळी भागत होतं, दुपारी लोड वाढला, प्रेशर वाढलं, ऑईल तापलं, की उरलेली फटही संपायची. स्पूलवर बारीक गोल खाचा कोरलेल्या असतात, मी आजवर त्याला झीज समजत होतो, त्या मुद्दाम दिलेल्या असतात म्हणजे ऑईलचं प्रेशर चारी बाजूनं सारखं बसतं आणि स्पूल एका बाजूला भिंतीला चिकटत नाही. त्या खाचांत घाण भरली की तेही काम बंद.

मला वाटलं चला, नट ढिले केले, आवळले नीट, निघालो घरी. काका म्हणाले नाही, आता हात लावलाच आहे तर उघडून बघू, कारण ऑईल दुपारी एवढं का तापतंय हा प्रश्न तसाच आहे. टेंपरेचर गननं टाकीवर बघितलं तर ८४ अंश. त्यांचं म्हणणं असं की ८० च्या वर गेलं की सील कडक व्हायला लागतात आणि ऑईल जळून त्याचा तपकिरी चिकट थर आतल्या भागांवर बसतो. स्पूल बाहेर काढल्यावर तो थर मी बघितला, चहाच्या पातेल्याला कडेनं बसतो ना तसाच, नखानं निघत नव्हता. ऑईल कूलरच्या जाळीत धूळ आणि द्राक्षाची सुकी पानं कोंबलेली, हवा जायला जागाच नाही, बागेत काम करतो त्यांनी हे आठवड्याला बघायलाच पाहिजे. टाकीत हवा आत-बाहेर करणारा ब्रीदर फुटलेला, त्यातून धूळ आणि पावसाचं पाणी दोन्ही आत. आणि प्रेशर ठरल्यापेक्षा वाढू न देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा लॉकनट हललेला, गेज लावून बघितलं तर प्रेशर मॅन्युअलपेक्षा २० बार जास्त. ते कोणी केलं मला माहीत नाही, पण "ताकद वाढवून देतो" म्हणून स्क्रू फिरवून देणारे आपल्याकडं कमी नाहीत. ताकद थोडी वाढली तरी परवडत नाही भाऊ, होज म्हणजे ऑईलचे रबरी पाईप फुटतात, पंपावर ताण येतो आणि ऑईल अजून तापतं. त्यांनी तो मॅन्युअलच्या आकड्यावर आणून रंगाची खूण करून दिली, म्हणजे पुढं कोणी फिरवला तर दिसेल.

उघडायचं काम त्या काचेच्या खोलीत. मला दारातच थांबवलं, चप्पल काढायला लावली, मी मनात म्हटलं देवघर आहे का, पण आत बघितल्यावर पटलं. टेबल पुसलेलं, कुठंही कॉटन वेस्ट नाही, जुनी साडी नाही, कारण त्याचे धागे सुटतात आणि तेच धागे जाऊन पुन्हा फटीत बसतात. धागा न सुटणारं कापड वापरतात आणि फिल्टर लावलेली हवा. प्रत्येक सेक्शनला नंबर, स्पूलला नंबर, कुठल्या बाजूनं बाहेर आला त्याचा फोटो. हा स्पूल त्या भोकात घालायचा नाही, दिसायला सारखे असले तरी, कारण कारखान्यात स्पूल आणि भोक जोडीनं बसवलेलं असतं. हे मी खास लिहितोय कारण भंगारातल्या व्हॉल्व्हचा स्पूल आणून बसवून देणारे लोक मी बघितलेत, आणि मग दोन महिन्यांनी बूम आपोआप खाली यायला लागतो तेव्हा सिलेंडरला दोष देतात.

एक पोरगं नवीन होतं, ते पॉलिश पेपर घ्यायला गेलं, काकांनी त्याला तिथंच थांबवलं. रागावले नाहीत, जवळ बोलावून स्पूलची धार दाखवली. ती धार धारदारच राहायला पाहिजे, ती गोल झाली की ऑईल हळूहळू सुटण्याचं माप बिघडतं आणि बूम झटके मारत चालतो. थर केमिकलनं मऊ करून काढला, एका जागी बारीक खरवड आली होती ती तेलाच्या बारीक दगडानं नुसती स्पर्श केल्यासारखी काढली, बाकी काही नाही. बाहेरच्या टोकाला जिथं लिव्हरची पिन बसते तिथं गंज होता कारण रबरी बूट फाटलेला, चिखलपाणी सरळ आत. तो वायपर सील आणि बूट नवीन टाकले. हा बूट शंभर-दीडशे रुपयांचा, आणि तो फाटलेला चालवला म्हणून पुढचं सगळं रामायण होतं.

आता तक्रार नाही पण उशीर झाला त्याचं कारण सांगतो. जोडायची वेळ आली तेव्हा काकांनी टाय बोल्टचा टॉर्क, म्हणजे नट किती जोरानं आवळायचा त्याचं माप, किती ते विचारलं. मला काय माहीत. म्हटलं काका तुम्ही अंदाजानं आवळा, एवढी वर्षं करताय. तर म्हणाले अंदाजानं आवळला म्हणूनच तर तुम्ही इथं आलात. डीलरकडून सर्व्हिस मॅन्युअलचं पान मागवायला एक पूर्ण दिवस गेला, मशीन उभी, माझा जीव खालीवर. पण पान आल्यावर त्यांनी टॉर्क रेंच लावून तीन टप्प्यांत आवळलं, आलटून-पालटून समोरासमोरचे नट, आणि प्रत्येक टप्प्यानंतर सगळे स्पूल अंगठ्यानं ढकलून बघितले. पहिल्या टप्प्याला मोकळे, दुसऱ्याला मोकळे, तिसऱ्याला मोकळे, तेव्हा कुठं टोप्या लावल्या. तो एक दिवस गेला त्याचं मला आता काही वाटत नाही.

ऑईल सगळं बदललं. आधी कोणीतरी ६८ ग्रेडच्या ऑईलमध्ये त्याहून पातळ ४६ चं टॉपअप केलं होतं, ते मला पण माहीत नव्हतं, डबा दाखवला ऑपरेटरनं तेव्हा कळलं. टाकी खालून धुतली, तळाला काळा गाळ आणि पाण्याचे थेंब. रिटर्न फिल्टर कापून उघडून दाखवला, पितळेचे कण नव्हते, म्हणजे पंप ठीक आहे असं सांगितलं. म्हणजे गॅरेजवाला जो पंप बदलायला सांगत होता तो चांगला होता! नवीन ऑईल पण सरळ ड्रममधून ओतू दिलं नाही, फिल्टर लावलेल्या छोट्या पंपातून भरलं. सीलबंद ड्रमचं ऑईल आपल्या डोळ्याला चकचकीत दिसतं, पण ड्रम भरताना, वाहतुकीत, साठवणुकीत त्यात कण येतातच, आणि ज्या फटीचा हिशोब वर दिलाय तिच्यासाठी ते चालत नाही.

टेस्टिंगला माझा ऑपरेटर बसवला. दोन तास एका प्लॉटवर मुद्दाम मशीन तापवली, बकेट भरून वर-खाली, दोन्हीकडं स्विंग म्हणजे बाजूला फिरवणं, आणि मध्ये-मध्ये लिव्हर सोडून द्यायला सांगितलं. प्रत्येक वेळी लिव्हर खटकन मध्ये. टाकीचं तापमान ६२ च्या पुढं गेलं नाही. जोडांवर गळती बघताना एक पोरगं सवयीनं हात फिरवायला गेलं, काकांनी जोरात हटकलं, पूर्ण कामात तेवढाच एकदा आवाज चढला त्यांचा. पुठ्ठा फिरवून बघतात ते. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, होजला सुईएवढं भोक असेल तर त्यातून येणारं ऑईल कातडी फोडून आत जातं, बाहेरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखत पण नाही सुरुवातीला, आणि बोट किंवा हात काढायची वेळ येते. असं झालं तर मलम लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरला हायड्रॉलिक ऑईल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं.

बिल झालं १४,००० मजुरी आणि सामानाचं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६,५२०. ऑईल आणि फिल्टर माझं वेगळं. पक्कं बिल दिलं, जुने सगळे पार्ट पिशवीत घालून परत दिले, आणि एका कागदावर लिहून दिलं की काय सापडलं, प्रेशर आधी किती नंतर किती, नट किती टॉर्कला आवळलेत. लाखाच्या वर जायला निघालो होतो तिथं एवढ्यात काम झालं. पण मला पैशापेक्षा जास्त हे वाटलं की नवा ब्लॉक जरी घातला असता तरी तोच माणूस त्याच पाईपनं नट आवळणार होता, तेच घाण ऑईल, तोच बंद कूलर, आणि बूम पुन्हा तसाच वर गेला असता.

पिंपळगावच्या मित्राच्या एक्स्कॅव्हेटरचं पण थोडक्यात सांगतो, कारण त्याचा प्रकार वेगळा होता आणि ज्यांच्याकडं जॉयस्टिकवाली मशीन आहे त्यांना उपयोग होईल. आपल्याकडं सगळ्याच एक्स्कॅव्हेटरला पोकलेन म्हणतात, ते मूळ एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आता ते मशीनचंच नाव झालंय. त्यात लिव्हर सरळ स्पूलला जोडलेला नसतो, जॉयस्टिकमधून ३०-४० बारचं हलकं पायलट प्रेशर जातं आणि ते मोठा स्पूल ढकलतं. त्याची स्विंग थांबायला उशीर करायची, जॉयस्टिक हाताला मऊ, त्यामुळं तिथं पिन काढून बघायचा प्रश्नच नाही. काकांनी पायलट लाईनला छोटा गेज लावला, जॉयस्टिक सोडल्यावर प्रेशर लगेच शून्यावर यायला पाहिजे ते रेंगाळत होतं. म्हणजे मोठा स्पूल निर्दोष, त्याला मागून कोणीतरी ढकलून धरत होतं. जॉयस्टिकच्या खालच्या व्हॉल्व्हमधला छोटा पिस्टन चिकटला होता आणि रबरी बूटातून माती आत गेलेली. दीड दिवसात मशीन परत. आणि अशा मशीनमध्ये प्रेशर साठवून ठेवणारा ॲक्युम्युलेटर असतो, इंजिन बंद केल्यावरही पायलट लाईनमध्ये थोडा वेळ प्रेशर शिल्लक असतं, त्यामुळं चावी बंद केली म्हणजे झालं असं समजून पाईप सोडू नका.

कमी काय आहे तेही सांगतो. फोन उचलत नाहीत, काका त्या खोलीत असले की फोन बाहेर टेबलावर, त्यामुळं प्रत्यक्ष जावं लागतं. मोठी मशीन उभी करायला जागा एकच आहे, दुसरी आधी असेल तर रस्त्याच्या कडेला लावावी लागते आणि तिथं शिफ्ट सुटायच्या वेळेला वाहनांची फार गर्दी होते. नाजूक काम एकटे काका करतात, पोरं शिकतायत पण अजून तयार नाहीत, म्हणून हंगामात चार-पाच दिवस थांबायची तयारी ठेवा. साईटवर येतात पण फक्त तपासायला, व्हॉल्व्ह उघडायचं काम शेतात किंवा रस्त्यावर करत नाहीत, कितीही गळ घातली तरी. तो शेवटचा मुद्दा मला आधी अडचणीचा वाटला होता, आता मी स्वतःच शेतात व्हॉल्व्ह उघडू देत नाही कोणाला.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा त्या फोनचा.

आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे सहा महिने झाले. अख्खा पावसाळा मशीन चिखलात चालली, लिव्हर एकदाही अडकला नाही. ऑपरेटर रोज संध्याकाळी कूलरला हवा मारतो आणि लिव्हरखालचे बूट फडक्यानं पुसतो, त्याला कोणी सांगितलं नाही, त्या दिवशी तारांखाली तोच बसला होता. मखमलाबादचा तो मळेवाला पण परत बोलावतो, नव्या चराचं काम दिलं त्यानं, फक्त पोरगं आता बांधावर येत नाही, घराच्या ओट्यावरून बघतं.

जायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आत पोचा, रविवारी बंद असतं. जाताना मशीनच्या नंबर प्लेटचा म्हणजे मॉडेल आणि सिरियल नंबरच्या पत्र्याचा फोटो न्या, ऑईलचा रिकामा डबा असेल तर तोही, आणि जमलं तर मॅन्युअलचं टॉर्कचं पान आधीच मागवून ठेवा, तुमचा एक दिवस वाचेल. लिव्हर अडकल्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला असेल तर फार बरं, काका तो चार-चार वेळा बघतात. आणि आधी कुठं काम केलं असेल, कोणी काही आवळलं-सोडलं असेल, स्वतः केलं असेल तरी, ते लपवू नका, कारण तो प्रश्न ते विचारणारच आहेत.